चाकं खाली

९ नोव्हेंबर, शुक्रवार

उड्डाणाच्या नोंदवहीत तास लिहायचे असतात, मत नाही. एकेचाळीस वर्षं तेच केलं. आज जे ऐकून घेतलं ते तासांच्या रकान्यात मावणार नाही, म्हणून ही वेगळी वही.

बावीस हजार तास. आधी हवाईदलात हवेतच इंधन भरणारी टँकर विमानं, मग तेहतीस वर्षं प्रवासी जेट. ऑगस्टमध्ये पासष्ट पूर्ण झाली आणि एअरलाइनच्या नियमाप्रमाणे मला घरी बसवलं. आणि आज कॉपर पॉइंटच्या विमानतळावर, पत्र्याच्या शेडमध्ये, व्हर्ना ट्रूडेल नावाच्या, विमान शिकवणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या बाईनं माझं लायसन्स उलटसुलट करून पाहिलं.

"कॅप्टन हाउटाला, एका इंजिनाचं विमान चालवायचा परवाना नाही तुम्हाला."

म्हटलं, म्हणून तर आलोय.

"म्हणजे चार इंजिनं चालतात, दोन चालतात आणि एक चालत नाही." तिनं लायसन्स परत दिलं. "आमच्याकडे लोक एकापासून सुरुवात करतात."

माझी काय चूक? हवाईदलात शिकलो ती विमानंच दोन इंजिनांची होती. पुढे कधी गरज पडली नाही.

आता पडली आहे. माझी बायको मोरीन, तिचा भाऊ अर्विड तीस वर्षं हॉकन बेटावरून विमान चालवत होता. टपाल, औषधं, आजारी माणसं. विमान बेटकऱ्यांच्या मालकीचं, इंजिन एकच. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासले आणि त्याच दिवशी उडणं बंद केलं. वीस डिसेंबरच्या सुमाराला सरोवर गोठायला लागतं आणि बोट थांबते. मग एप्रिलपर्यंत बेटावर जायचं तर विमानच. बेटावर एकशे चाळीस माणसं आणि एक नर्स. ती नर्स म्हणजे माझी मुलगी सिग्ने, आणि तिला जानेवारीच्या मध्याला बाळ व्हायचं आहे. नवरा तिचा मालवाहू जहाजावर, तो जानेवारी संपल्याशिवाय काही घरी येत नाही.

मी तिला सांगितलं, विमान मी चालवीन. म्हणजे तिला बेट सोडून आधीच इकडे येऊन बसायला नको, आणि कळा सुरू झाल्या की वीस मिनिटांत इस्पितळ. ती म्हणाली, "एकोणीस डिसेंबरला शेवटची बोट आहे, डॅड. तोवर तू पास झालास तर मी थांबते. नाहीतर जाते. मी गेले तर इथे नर्सही नाही आणि विमानही नाही, एवढं लक्षात ठेव."

सहा आठवडे आहेत. मला दोन पुरतील.

१२ नोव्हेंबर, सोमवार

दोन पुरणार नाहीत.

अर्विडचं विमान इकडेच आणून ठेवलंय, त्याच्यावरच शिकतोय. सहा आसनं, चाकं पोटात ओढून घेणारं, कंट्रोलवरचा रंग उडालेला. पळायला लागलो तसं ते डावीकडे ओढायला लागलं आणि धावपट्टीच्या कडेच्या बर्फात जाता जाता राहिलं.

"पाय कुठे आहेत कॅप्टन?" व्हर्ना म्हणाली. "घरी विसरलात?"

जेटमध्ये पायांना काम नसतं. इथे उजव्या पायानं पेडल सतत दाबून धरावं लागतं. उतरताना त्याहून फजिती. माझ्या जेटमध्ये मी तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर बसायचो, म्हणून डोळ्यांना जिथे सवय, तिथे नाक उचललं. विमान अजून वीस फूट वर. ते तिथेच थांबलं आणि मग धाडकन खाली बसलं. माझी जीभ चावली गेली.

व्हर्नाचा एक विचित्र प्रकार आहे. उडण्याआधी ती मिटन्स, म्हणजे चार बोटांना एकच पिशवी असलेले लोकरीचे जाड हातमोजे, हातात चढवते आणि दोन्ही हात मांडीवर ठेवते. उतरेपर्यंत काढत नाही. मी विचारलं, थंडी वाजते का. म्हणाली, "नाही. हात शिवशिवतात. शिकवणाऱ्यानं हात लावला की शिकणारा शिकत नाही."

१५ नोव्हेंबर, गुरुवार

आज भांडण झालं. मी चुकलो नाही, तरी लिहून ठेवतो.

उतरायला आलो, आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "चाकं खाली." पुढे पट्टीकडे पाहत राहिलो. धोक्याचा भोंगा वाजायला लागला. मी खालीच जातोय. शेवटी व्हर्ना म्हणाली, "पोट घासून उतरायचंय का? चला वर."

वर गेलो. मी म्हणालो, तुम्हाला ऐकू आलं नाही का, मी सांगितलं होतं.

"आलं की. छान आवाज आहे तुमचा."

"मग?"

तिनं मिटन्स वर करून दाखवले.

आता यात माझं काय चुकलं? प्रवासी विमानात चाकांची लिव्हर उजवीकडच्या माणसाच्या हाताशी असते. विमान चालवणारा ती ओढत नाही. त्यानं म्हणायचं, उजवीकडून तेच शब्द परत येतात, लिव्हर खाली जाते, तीन हिरवे दिवे लागतात. तेहतीस वर्षांत मी एकदाही चाकं स्वतः काढली नाहीत आणि एकदाही ती निघायची राहिली नाहीत. ही पद्धत आहे, आळस नाही. व्हर्नाला ते समजावलं.

ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."

खाली उतरल्यावर तिनं थर्मासमधली कॉफी दिली, ती घेतली.

१८ नोव्हेंबर, रविवार

सिग्नेचा फोन. पाळणा आला का, मी विचारलं. मागच्या आठवड्यात मीच इथल्या दुकानातून बोटीनं पाठवला. म्हणाली, खोका आलाय, धक्क्यावरच्या शेडमध्ये पडलाय. म्हटलं, अर्विडला सांगितलंय मी जोडायला.

"अर्विडमामाला स्क्रू दिसत नाहीत, डॅड."

"मग शेजारच्या कोणाला सांग. मी फोन करू का कोणाला?"

ती म्हणाली, रविवारी बोट येते, तूच ये ना एकदा. म्हटलं, आता एकेक दिवस मोलाचा आहे, परीक्षा झाली की रोजच येतोय. तिला पटलं असावं, कारण तिनं विषय बदलला.

मोरीनच्या शेवटच्या आजारपणातही असंच होतं. मी फ्रँकफर्टला अडकलो होतो, पण दिवसातून दोनदा फोन करून कोणता डॉक्टर, कोणती खोली, सगळं ठरवून दिलं. सिग्नेनं सगळं नीट पार पाडलं. मुलगी खंबीर आहे, आईवर गेली आहे.

२४ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षेत एक गोष्ट आहे, तिनं माझी झोप उडवली आहे. पट्टीच्या बाजूनं उलट दिशेला जाताना परीक्षक इंजिन मंद करतो. म्हणजे इंजिन मेलं असं समजायचं. तिथून वळून, ताकद न लावता, पट्टीवरच्या ठरलेल्या पांढऱ्या रेघेपासून पुढच्या दोनशे फुटांत चाकं टेकवायची. रेघेच्या अलीकडे टेकलं तर नापास, दोनशेच्या पुढे गेलं तर नापास. दुसरी संधी नाही.

आज नऊ वेळा केलं. चार वेळा अलीकडे, तीन वेळा पुढे. दोनदा जमलं, ते का जमलं हे मला सांगता येणार नाही.

एकदा मध्येच मला वाटलं हे काही बसत नाही, आणि मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, पुढे ढकलून वर गेलो. तेहतीस वर्षं हेच शिकवलंय. उतरणं स्थिर नसेल तर हट्ट करू नका, वर जा, परत या. मी स्वतः शंभर तरुणांना हे शिकवलं.

"कॅप्टन, इंजिन मेलंय," व्हर्ना म्हणाली. "वर कसे गेलात? वल्हं मारून?"

या सरावात चाकं मुद्दाम उशिरा काढायची असतात, नाहीतर विमान लवकर खाली बसतं. चाकं आत आणि थ्रॉटल बंद, म्हणून भोंगा सारखा वाजत असतो. पहिल्या दिवशी कान किटले. आता ऐकूसुद्धा येत नाही.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग होतं. दुकानातून टर्कीचं जेवण आणून खाल्लं. सिग्नेला फोन करून टर्कीत मसाला कसा भरायचा ते सांगितलं. मोरीन कसा भरायची ते मला पूर्ण आठवत नव्हतं, पण साधारण सांगितलं.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

सरोवराच्या कडेला बर्फाची पहिली साय धरली. बोटवाले म्हणतात, एकोणीस तारीख ठरली ती ठरली, नंतर एक दिवस नाही.

काल बारापैकी सात. व्हर्ना म्हणते, परीक्षेला बसा. तिच्या तोंडून याहून जास्त कौतुक निघत नसावं.

६ डिसेंबर, गुरुवार

नापास.

हा शब्द लिहायला अर्धा तास लागला. एकेचाळीस वर्षांत हवाईदल, एअरलाइन, दर सहा महिन्यांची तपासणी, कुठेच कधी नाही.

परीक्षक ओक्स, अबोल माणूस, तोंडात सतत पेपरमिंट. बाकी सगळं झालं. चाकं मी काढली, लिव्हरवर चिकटपट्टी लावून ठेवली होती, लाल. शेवटी त्यांनी इंजिन मंद केलं. मी वळलो, आणि वाटलं आपण खूप वर आहोत. मग वाटलं खाली आहोत. स्थिर नाही हे. आणि माझा उजवा हात मला न विचारता थ्रॉटल घेऊन पुढे गेला. इंजिन गरजलं आणि आम्ही सुंदर चढलो.

ओक्स पेपरमिंट दुसऱ्या गालात घेऊन म्हणाले, "सॉरी, कॅप्टन."

खाली आल्यावर कागद दिला. बाकीचं पुन्हा करावं लागणार नाही, फक्त हे एक. पुढची तारीख एकोणीस, सकाळी साडेनऊ. त्याआधी त्यांना वेळ नाही. बोट एकोणीसला दुपारी एकला.

व्हर्नानं टेबलावर पेस्टी ठेवली, मटण-बटाट्याची भाजलेली मोठी करंजीच, तिनं घरी केलेली. "खा," म्हणाली. मी खाल्ली नाही. आता भूक लागली आहे आणि ती तिथेच राहिली.

७ डिसेंबर, शुक्रवार

सिग्नेचा फोन आला. म्हटलं, ढग खाली आले होते, परीक्षा पुढे गेली, एकोणीसला आहे.

"एकोणीसला? बोटीच्या दिवशी?"

"सकाळी आहे. होऊनच जाईल, तू काळजी करू नकोस. ती इस्पितळाजवळची खोली धरली आहेस ना, ती सोडून दे. उगाच कशाला अडवून ठेवायची."

"बरं," ती म्हणाली.

खोटं बोललो असं कोणी म्हणेल. पण आठव्या महिन्यातल्या बाईला चिंता देऊन काय साधणार? चिंता करायचं काम कॅप्टनचं. प्रवाशांना हवामानच सांगायचं असतं. व्हर्नाला हे सांगितलं. "ती तुमची प्रवासी आहे होय?" एवढंच म्हणाली.

१३ डिसेंबर, गुरुवार

आजचं आजच लिहून टाकतो.

सकाळी दोन फेऱ्या झाल्यावर व्हर्ना म्हणाली, थांबवा. माझ्या वहीत सही केली आणि दार उघडून उतरली. "जा एकटे. तीन वेळा उतरा. मी इथे उभी आहे." मिटन्स तिनं खुर्चीवरच ठेवले.

एकटा मी आयुष्यात कधी उडालो नव्हतो असं नाही, पण त्याला चाळीस वर्षं झाली. नंतर उजवीकडे नेहमी कोणीतरी होतं. विमान हलकं झालं होतं, भराभर वर गेलं. मला फार बरं वाटलं. वरून गोठत आलेलं पाणी दिसत होतं आणि लांब हॉकन बेटाची रेघ.

दोन वेळा चांगलं झालं. तिसऱ्यांदा इंजिन मंद केलं, वळलो, आणि या खेपेला सगळं जुळून येत होतं. रेघ जिथे हवी तिथे, वेग हवा तेवढा. मी म्हटलं, "चाकं खाली." मोठ्यानं. मला स्वतःचा आवाज ऐकू आला, चांगला ठाम होता. भोंगा वाजत होता, तो तर वाजतच असतो. पट्टी वर यायला लागली. मी थांबलो होतो. कशासाठी थांबलो होतो ते कळत नव्हतं, काहीतरी यायचं राहिलं होतं. मग लक्षात आलं, की उजवीकडून उत्तर आलं नाही. मी तिकडे पाहिलं. खुर्चीवर दोन मिटन्स, एकावर एक.

दिवे नव्हते. एकही हिरवा नव्हता. पट्टीवरचा बर्फ कसा खरवडला आहे तेही दिसत होतं, इतका खाली आलो होतो. थ्रॉटल पुढे ढकलला. पोट आणि डांबर यांच्यात किती उरलं होतं ते व्हर्नाला माहीत. मी विचारलं नाही.

फिरून आलो, लिव्हर ओढली, दिवे मोजले, उतरलो. व्हर्ना ट्रकला टेकून उभी होती. ओरडेल असं वाटलं होतं.

"हाक मारलीत ना?" ती म्हणाली.

"हो."

"कोणी आलं नाही."

"नाही."

तिनं आत हात घालून मिटन्स घेतले आणि शेडकडे गेली.

गाडीत बसलो, पण किल्ली फिरवली नाही. मला एकसारखी मोरीन आठवत होती, आणि तीही आजारपणातली नाही. नुसती घरात वावरणारी. मी दौऱ्यावरून फोन करायचो, छताचं बघायला हवं, सिग्नेच्या दाताचं बघायला हवं. आणि घरी यायचो तेव्हा छत झालेलं असायचं, दात झालेले असायचे. मला वाटायचं मी केलं. मग ती आजारी पडली आणि फोन सिग्ने घ्यायला लागली. मी तिथे नव्हतो. फ्रँकफर्टला अडकलो नव्हतो मी, सुट्टी मिळत होती. मागितली नाही. फोनवर सगळं चाललंय असं मला वाटत होतं. मोरीन मंगळवारी गेली आणि मी सोमवारी फोनवर खोली बदलून घ्यायला सांगत होतो.

हे असं इथे लिहायचं नव्हतं.

१६ डिसेंबर, रविवार

बोटीनं बेटावर गेलो. धक्क्यावरच्या शेडमधून खोका उचलला, अर्विडनं दुसरं टोक धरलं, तो रस्ता पायांनी ओळखतो. सिग्ने दारात उभी होती, पोट एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाली, "फोन न करता आलास?"

आत जाऊन कोट काढायच्या आधीच सांगून टाकलं. सहा तारखेला ढग नव्हते. मी नापास झालो. तुझ्याशी खोटं बोललो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी मी धक्क्यावर औषधांची वाट पाहत होते. कॉपर पॉइंटपर्यंत आभाळ निळं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?"

म्हटलं, खोली सोडायला सांगितली ते चुकलं, परत मिळते का बघू. ती किटलीत पाणी भरत होती, तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "सोडलीच नव्हती. तुझ्या सांगण्यावर मी अजून कधीच काही सोडलं नाही, डॅड. तू सांगत होतास, करत मीच होते. आईच्या वेळीही."

अर्विड भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला बसायला खुर्ची होती, पण बसवेना. मी म्हटलं, मला तेव्हा यायला हवं होतं. सिग्ने म्हणाली, हो. मग किटलीनं शिट्टी वाजवली.

पाळणा जोडला. चार तास लागले. एक बाजू उलटी बसली होती, ती पुन्हा काढली. अर्विड स्क्रू बोटांनी चाचपून लांबीप्रमाणे लावून देत होता आणि टोमणे मारत होता. "बावीस हजार तास, आणि स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते माहीत नाही." शेवटी सिग्नेनं पाळणा हलवून पाहिला. थोडा करकरतो.

परत निघताना एकोणीसचं विचारलं. ती म्हणाली, बॅग घेऊन धक्क्यावर येणार. पास झालास तर थांबणार, नाहीतर चढणार.

"झाल्या झाल्या फोन करतो."

"फोन नको," ती म्हणाली. "फोनवर तू नेहमीच पास असतोस."

तेव्हा अर्विड बोलला. त्याची तीस वर्षांची रीत होती. बेटावर आला की आधी धक्क्यावरून खाली येऊन जायचा. चाकं बाहेर दिसली की लोक समजायचे, आज उतरतोय, टपाल घ्यायला चला. चाकं आत असली की बेटाची पट्टी वाईट आहे, नुसतं बघून परत चाललाय. "तसाच ये, रसेल," तो म्हणाला. "मला काही दिसायचं नाही. तिला दिसेल."

१८ डिसेंबर, मंगळवार

धुकं. काही नाही. व्हर्नानं शेडमध्ये खुर्चीवर बसवून डोळे मिटायला लावले आणि हातांनी सगळं करून घेतलं. तोंडानं एक शब्द काढू दिला नाही.

१९ डिसेंबर, बुधवार

साडेनऊला धुकं. दहाला धुकं. ओक्स पेपरमिंट चघळत वर्तमानपत्र वाचत होते. अकराला मी म्हटलं, बोट एकला आहे. ते म्हणाले, धुक्याला सांगा. पावणेबाराला विमानतळाचं पलीकडचं कुंपण दिसायला लागलं.

वर गेलो. पांढऱ्या रेघेच्या बाजूला येताच त्यांनी इंजिन मंद केलं. भोंगा सुरू झाला. पुन्हा तेच वाटलं, की वर आहोत, नाही, खाली आहोत. उजवा हात थ्रॉटलवर शिवशिवत होता. मी तो मांडीखाली दाबून धरला, खरंच, लहान मुलासारखा. पायानं विमान तिरकं घातलं, ते घसरत खाली आलं. मग हात काढला, लिव्हर ओढली आणि दिवे मोजले. एक, दोन, तीन. रेघ खालून गेली आणि चाकं टेकली. ओक्सनी खिडकीतून मागे पाहिलं. "साधारण नव्वद फूट," म्हणाले.

कागद लिहायला त्यांना जगातला सगळा वेळ लागला. बारा वाजून वीस मिनिटं. व्हर्नानं टपालाची पोती आधीच बांधून ठेवली होती. "जा रसेल," म्हणाली. पहिल्यांदा नावानं हाक मारली.

तीस मैल पाणी, कडेला बर्फ, मध्ये काळं. एकच इंजिन. इतकी वर्षं उडालो पण इंजिन कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. आज एकेक ठोका ऐकत गेलो.

बेट दिसलं तेव्हा बोट धक्क्यालाच होती, धुराडं सुरू. धक्क्यावर पंधरावीस माणसं आणि एक लाल कोट. एकला सात कमी. खाली आलो. "चाकं खाली," तोंडातून आलंच. सवय काही जात नाही. पण धक्का समोर आला तरी मी फक्त म्हटलं होतं, केलं नव्हतं. लाल कोट वर पाहत होता. लिव्हर ओढली. चाकं सुटायला, पक्की बसायला वेळ घेतात. धक्का खालून निघून गेला तेव्हा तिसरा दिवा लागला. तिला काय दिसलं असेल ते मला माहीत नव्हतं.

उतरलो. पट्टीवर कोणी नाही. बोटीचा भोंगा ऐकू आला, लांब, दोन वेळा. पोती मीच उतरवली, बर्फात ओळीनं ठेवली. मग नुसता उभा राहिलो. वीस मिनिटांनी झाडीतून पिकअप आली. चालवत सिग्ने होती, शेजारी अर्विड. मागे तिची बॅग.

ती उतरली आणि विमानाच्या चाकांकडे पाहिलं.

"उशिरा काढलीस."

"हो."

"मी बोटीच्या फळीवर पाय ठेवला होता," ती म्हणाली. मग एक पोतं उचलायला वाकली. मी म्हटलं, ठेव ते, मी घेतो. तिनं ठेवलं.

३ जानेवारी, गुरुवार

दहा दिवस लवकर. सकाळी नऊला अर्विड माझ्या खोलीचं दार ठोठावत आला. आठवडाभर मी त्याच्याकडेच राहतोय. शून्याखाली बावीस. इंजिनाला पाऊण तास शेगडीनं ऊब दिली, तेवढ्यात सिग्ने कळा मोजत पिकअपमध्ये बसून मला सांगत होती की पट्टीचं दुसरं टोक गुळगुळीत झालंय, तिकडे जाऊ नकोस. मागच्या आसनावर तिला आडवं करायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, आडवं होऊन मला मळमळतं, मी पुढे बसणार. खुर्ची शक्य तेवढी मागे सरकवली.

बर्फाची भुरभुर होती. पाणी दिसत नव्हतं, फक्त खाली कुठेतरी आहे हे माहीत होतं. मी इंजिन ऐकत होतो. दर पाच मिनिटांनी ती खिडकीची कड धरायची, मग सोडायची. पंधराव्या मिनिटाला कळा तीन मिनिटांवर आल्या. कॉपर पॉइंटचे दिवे भुरभुरीतून दिसले. रुग्णवाहिका उभी होती, व्हर्ना तिच्याशेजारी.

मी थ्रॉटल मागे घेतला आणि म्हटलं, "चाकं खाली."

सिग्ने त्या वेळी कळेत होती, डोळे मिटलेले, ओठ दातात. तरी तिचा डावा हात मांडीवरून उठून पुढे आला आणि लिव्हर शोधायला लागला. मी सांगितलं होतं ना. तिनं आयुष्यभर जे केलं तेच करत होती.

मी तिचा हात धरला आणि तिच्या मांडीवर परत ठेवला.

"राहू दे," म्हटलं. "ते माझं आहे."

लिव्हर ओढली. दिवे मोजले, तिला ऐकू जातील असे, मोठ्यानं. एक, दोन, तीन.